बाटली कोणी भरली, तारीख कोणी लिहिली?



पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. बॉयलर पेटायला अजून दोन-अडीच महिने आहेत म्हणून आत्ताच लिहितोय. एकदा गाळप सुरू झालं की या विषयावर कुणी कुणाचं ऐकून घेत नाही. ज्याचा ऊस उभा असतो त्याला तोडीची घाई, ज्याची विहीर खराब होते त्याला राग, आणि मधल्या माणसाला दोन्हीकडून शिव्या.

सध्या गावोगावच्या कट्ट्यावर एक वाक्य फिरतंय. "प्रदूषणाचा कायदा ढिला केला राव, आता जेलबिल काही राहिलं नाही." माझे उद्योगवाले मित्र हे वाक्य हसत म्हणतात, ओढ्याकाठचे शेतकरी कपाळाला हात लावून म्हणतात. माझं म्हणणं असं की दोघांनीही कायदा वाचलेला नाही. मी कोपरगावच्या कोर्टात बावीस वर्षं वकिली करतोय. विहिरीवाला माझ्याकडे येतो आणि नोटीस आलेला कारखानदारही येतो. दोन्ही बाजूंचे कागद माझ्या टेबलावर येतात, म्हणून जे दिसतं ते सांगतो.

आधी तो जेलचा विषय संपवू. पाणी प्रदूषणाचा केंद्राचा कायदा १९७४ चा. आपलं राज्य त्याच्याही पुढं होतं. महाराष्ट्रानं १९६९ सालीच स्वतःचा कायदा केला आणि १९७० साली मंडळ उभं केलं. केंद्राच्या कायद्यात ओढ्यात, नदीत, विहिरीत किंवा जमिनीवर विषारी पाणी सोडणाऱ्याला कमीत कमी दीड वर्षं आणि जास्तीत जास्त सहा वर्षं कैद लिहिलेली होती. आकडा भारी आहे. पण मला सांगा, तुमच्या माहितीत मळीमिश्रित पाणी सोडलं म्हणून कोण माणूस आत जाऊन आला? कोर्टाच्या आवारात दारूच्या, जुगाराच्या, वाळूच्या केसेस रोज दिसतात. पाण्याची केस दिसली की वकील मंडळी कुतूहलानं मान वळवून बघतात.

असं का होतं? लोक म्हणतात पैसा, राजकारण, हप्ते. त्यात काही नसेलच असं मी म्हणणार नाही. पण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त प्रकरणं त्याच्या कितीतरी आधी मरतात. ती मरतात बाटलीत.

काही वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावातले अण्णा माझ्याकडे आले. पिशवीतून दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली काढून टेबलावर ठेवली. आत चहाच्या चोथ्यासारखं तांबूस काळं पाणी. झाकण उघडलं आणि शेजारच्या टेबलावरचे वकील उठून बाहेर गेले.

"वकीलसाहेब, ही आमची विहीर. यावर केस करा."

मी विचारलं, "अण्णा, बाटली कोणी भरली?"

"मीच भरली की."

"कधी?"

"झाले आठ-दहा दिवस."

"सील कोणी लावलं? दुसऱ्या बाजूच्या माणसाची सही आहे का?"

अण्णा माझ्याकडं असं बघायला लागले की जणू मीच ओढ्यात पाणी सोडलंय.

त्यांचा राग खरा होता. पण कायद्याचं कलम २१ काय म्हणतं ते बघा. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानं घ्यायचा. घेतानाच तिथल्या जबाबदार माणसाला नोटीस द्यायची की हा नमुना तपासणीला जाणार आहे. त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्हींना सील आणि खुणा, दोघांच्या सह्या. एक भाग लगेच प्रयोगशाळेत, दुसरा त्या माणसानं मागणी केली तर दुसऱ्या मान्य प्रयोगशाळेत. तो मुद्दाम गायब झाला तर काय करायचं तेही लिहिलंय. यातली एक पायरी चुकली तर त्या तपासणीचा निकाल पुरावा म्हणून चालत नाही. त्यात पाणी हा काही चाकू नव्हे, की जप्त करून मालखान्यात ठेवला आणि पाच वर्षांनी काढला. बीओडीची तपासणी करायची तर नमुना थंड ठेवून ताबडतोब न्यावा लागतो. आठ दिवस उन्हात राहिलेल्या बाटलीतलं पाणी कुणाचं काय आणि कसं होतं, हे ब्रह्मदेव आला तरी सांगू शकणार नाही.

मग मी अण्णांना दुसरा प्रश्न विचारला. या आठ दिवसांत तुम्ही कुठं कुठं गेलात? उत्तर ऐका. पहिल्या दिवशी गटातल्या संचालकाकडे. तिसऱ्या दिवशी आणखी वरच्या नेत्याकडे. त्यांनी चहा पाजला, "बघतो" म्हणाले. सहाव्या दिवशी कालव्याचं आवर्तन सुटलं, पाझराचं पाणी ओढ्याला आलं आणि ओढा धुऊन निघाला. आठव्या दिवशी अण्णा माझ्याकडे. लेखी अर्ज एकही नाही.

यात अण्णांना नावं ठेवायची नाहीत. आपल्या तालुक्याची रचनाच तशी आहे. शंभर वर्षांहून जुन्या गोदावरी कालव्यांनी इथं ऊस आणला, उसानं कारखाने आणले, कारखान्यांनी शाळा, कॉलेज, दवाखाने, पतसंस्था सगळं उभं केलं. अण्णा स्वतः सभासद. त्यांचा ऊस त्याच कारखान्याला जातो, पोरगा त्याच संस्थेच्या कॉलेजात शिकलेला, जावई तिथंच नोकरीला. तक्रार कुणाविरुद्ध करायची? कायद्याच्या भाषेत फिर्यादी, आरोपी आणि साक्षीदार वेगवेगळे असतात. आपल्याकडे तिघंही एकाच सर्वसाधारण सभेत एकाच सतरंजीवर बसतात. म्हणून अर्जाच्या आधी निरोप जातो, आणि निरोपाला आवक क्रमांक नसतो.

आता नव्या कायद्याकडे येऊ.

२०२३ च्या जनविश्वास कायद्यानं पर्यावरण संरक्षण कायद्यातली पाच वर्षांची कैद काढली आणि १ एप्रिल २०२४ पासून तिथं दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड आणला. उल्लंघन चालूच राहिलं तर वर दिवसाला दहा हजार. पाण्याच्या कायद्यातही २०२४ साली तशीच दुरुस्ती झाली. ती आधी हिमाचल, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली, बाकी राज्यांनी विधिमंडळात ठराव करून स्वीकारायची. त्यात सांडपाणी सोडण्याला दंड आहे, पण संमतीपत्राशिवाय उद्योग उभा करण्याला सहा वर्षांपर्यंतची कैद कायमच ठेवली आहे. आणि ठोठावलेला दंड नव्वद दिवसांत भरला नाही तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे "जेलबिल राहिलं नाही" हे अर्धंच खरं.

पंधरा लाख म्हणजे मोठ्या कारखान्याला काय, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण खरं ओझं दंडाचं नाही, पर्यावरण भरपाईचं आहे, आणि ते दिवसावर मोजतात. केंद्रीय मंडळाचं सूत्र सोपं आहे. उद्योग लाल श्रेणीतला असेल तर ८०. ते गुणिले उल्लंघनाचे दिवस. गुणिले रुपयातला आकडा, जो १०० ते ५०० च्या मधला असतो, साधारण २५० धरतात. गुणिले उद्योगाचा आकार, मोठ्याला दीड. दहा लाखांच्या आतल्या वस्तीला शेवटचा गुणक एक. करा हिशोब : ८० गुणिले २५० गुणिले दीड, म्हणजे दिवसाला तीस हजार रुपये. दहा दिवसांचे तीन लाख. १२० दिवसांच्या हंगामाचे छत्तीस लाख.

हा अधिकार मंडळांना आहे की नाही यावर बरीच वर्षं वाद होता. ४ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पाणी आणि हवा कायद्याखाली मंडळं अशी भरपाई लावू शकतात, फक्त त्यासाठी नियम आणि नीट प्रक्रिया हवी. उलट बाजूचाही एक निकाल लक्षात ठेवा. एका रसायन कंपनीला हरित न्यायाधिकरणानं उलाढालीकडे बघून २५ कोटी लावले होते. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ते रद्द केले. कोर्ट म्हणालं, कंपनी किती कमावते याचा आणि पर्यावरणाचं किती नुकसान झालं याचा संबंध जोडता येत नाही. म्हणजे मोठा आकडा ओरडून चालत नाही, तो सिद्ध करावा लागतो.

आता त्या सूत्रात परत बघा. श्रेणी कागदावर ठरलेली. आकार ठरलेला. गुणक ठरलेले. मोकळी जागा कुठली? दिवस. किती दिवस पाणी सोडलं, हे कोण सांगणार? कारखाना सांगणार नाही. अधिकारी नगरहून किंवा नाशिकहून शंभर किलोमीटर येणार, त्याला तो आला तो एक दिवस दिसणार. बाकीचे दिवस फक्त तुमच्या वहीत असू शकतात. नवा कायदा ढिला आहे की कडक, हे मुंबई-दिल्लीत ठरत नाही मंडळी. ते ओढ्याकाठच्या वहीत ठरतं.

उद्योगवाल्यांना दोन शब्द. आपली मैत्री आहे म्हणून स्पष्ट बोलतो.

संमतीपत्र म्हणजे भिंतीवर लावायचं प्रमाणपत्र नव्हे. त्याच्या मागच्या पानांवरच्या अटी वाचा. माझ्याकडे आलेल्या नोटिशींपैकी बऱ्याच नोटिशी ओढ्यात पाणी सोडल्याच्या नव्हत्याच. मीटर बंद, नोंदवही अर्धवट, उत्पादन मंजुरीपेक्षा जास्त, नूतनीकरणाचा अर्ज उशिरा, असल्या गोष्टींच्या होत्या. एक छोटा कारखानदार मला म्हणाला, "साहेब, ईटीपी चालू आहे माझा, मग नोटीस कशाची?" चालू होता, पण वीज किती जळाली, रसायन किती लागलं, पाणी किती आलं आणि किती गेलं याची एक ओळ लिहिलेली नव्हती. कायद्यापुढे न लिहिलेलं काम हे न केलेलं काम असतं.

साखर कारखान्याचा ईटीपी हा दिव्यासारखा बटण दाबून लागत नाही. त्यातले जिवाणू वाढायला वेळ लागतो. म्हणून २०१६ च्या अधिसूचनेत लिहिलंय की गाळपाच्या एक महिना आधी तो स्थिर झालेला हवा आणि गाळप संपल्यावरही एक महिना चालला पाहिजे. नदीत सोडायच्या पाण्याचा बीओडी लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत, जमिनीवर सोडायचा तर १०० च्या आत. आणि मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशचा बीओडी चाळीस-पन्नास हजार असतो. तिथं तर एक थेंबही बाहेर जायला नको असाच नियम आहे, बाष्पीभवन करा, जाळा किंवा खत करा. आपल्याकडे बॉयलर अग्निप्रदीपनाला मांडव पडतो, नेते येतात, फोटो निघतात. त्या दिवशी एखाद्या पाहुण्यानं "ईटीपी कधी चालू केला?" एवढं विचारलं तर मी त्याचा सत्कार करीन.

दुसरं, अपघात होतात. लगून फुटतं, पाइप निसटतो. लपवू नका. कलम ३१ प्रमाणे मंडळाला ताबडतोब कळवणं बंधनकारक आहे. स्वतः कळवलेला अपघात आणि शेतकऱ्यानं पकडलेली चोरी यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आणि "चूक ऑपरेटरची आहे" हे वाक्य विसरा. कंपनी असो वा सहकारी संस्था, त्या वेळी कारभार ज्याच्या हातात होता तो जबाबदार, हे कायद्यात स्पष्ट आहे. आठ-दहा हजारावर रात्रपाळी करणाऱ्या पोराच्या माथी मारून कुणी सुटत नाही.

तिसरं, जानेवारीत कारखाना बंद करायचा आदेश आला तर उभ्या उसाचं काय, टोळ्यांचं काय, हा प्रश्न मलाही पडतो. कलम ३३ अ खाली मंडळ वीज-पाणी तोडू शकतं. पण त्या आदेशाचा फटका आधी सभासदालाच बसतो, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि काही जण त्याचीच ढाल करतात. ती ढाल फार दिवस टिकणारी नाही. म्हणून सगळी तपासणी ऑगस्ट-सप्टेंबरातच व्हायला पाहिजे.

आता शेतकरी बांधवांसाठी. हे कापून ठेवा.

पाणी दिसलं त्याच दिवशी मंडळाच्या नगरच्या उपप्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवा. ईमेल करा, पोच ठेवा, प्रत तहसीलदारांना द्या. नेत्याला भेटायचं तर जरूर भेटा, पण अर्जानंतर भेटा. वहीत तारीख, वेळ, रंग, वास, कोणत्या गटाजवळ, मेलेले मासे दिसले का, एवढं रोज लिहा. दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. मोबाइलचा फोटो काढताना मागचा पूल, विजेचा खांब असं काहीतरी ओळखीचं येऊ द्या. "ओढा तर कोरडाच होता, त्यात सोडलं तर काय झालं" असं कुणी म्हणालं तर सांगा, कायद्यातल्या व्याख्येत सध्या कोरडा असलेला ओढाही प्रवाहच आहे आणि जमिनीखालचं पाणीही.

संमतीपत्रांची नोंदवही बघायचा तुम्हाला हक्क आहे. स्वतः फौजदारी करायची असेल तर मंडळाला साठ दिवसांची नोटीस देऊन करता येते, आणि मग त्यांच्याकडचे अहवाल तुम्ही मागू शकता. पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात जायचं तर वाद सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, आणि विहिरीच्या, पिकाच्या नुकसानभरपाईसाठी पाच वर्षांत. एक गैरसमज काढून टाका : मंडळ जी पर्यावरण भरपाई वसूल करतं ती तुमच्या खात्यात येत नाही. तुमच्या विहिरीचे पैसे तुम्हालाच मागावे लागतात. आपल्याच तालुक्यातले शेतकरी खराब विहिरींचं गाऱ्हाणं घेऊन त्या न्यायाधिकरणात गेले होते, २०१५ साली त्यावर निकालही झाला. म्हणजे हा रस्ता आपल्याला नवा नाही.

पण रस्ता लांबचा आहे, हेही सांगतो. राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरी रसायनांनी नासल्या. सुप्रीम कोर्टानं १९९६ साली ज्यानं घाण केली त्यानंच निस्तरायची असा निकाल दिला. तरी कंपनीची वसुलीवरची भांडणं २०११ पर्यंत चालली. पंधरा वर्षं! खराब झालेलं भूजल कोर्टाच्या शिक्क्यानं गोड होत नाही. खटला जिंकणं ही दुसऱ्या नंबरची गोष्ट, पाणी नासू न देणं ही पहिली.

त्या अण्णांचं काय झालं? त्या वर्षी काहीच नाही. पण पुढच्या हंगामात त्यांच्या सुनेनं वही घातली. पाणी आलं त्या सकाळीच ईमेल गेला, दुसऱ्या दिवशी अधिकारी आले, कायद्याप्रमाणे नमुना घेतला, सह्या झाल्या. त्या वहीत सतरा दिवस लिहिलेले होते. नोटीस निघाली, भरपाई लागली आणि त्या बाजूचा पाइप कायमचा बंद झाला. अण्णांची विहीर अजून पिण्यालायक नाही, जनावरं तेवढी पितात. त्यांचा ऊस आजही त्याच कारखान्याला जातो, आणि कुणी त्यांचं सभासदत्व काढून घेतलेलं नाही. ही भीती कितीतरी लोकांच्या मनात असते म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि शहरवाल्यांनो, गालातल्या गालात हसू नका. गोदावरी आपल्याकडे येते ती नाशिकची घाण घेऊन, हे खरं आहे. पण कोपरगावातून पुढं जाते ती आपली घेऊन. पुढं तेच पाणी नाथसागरात जातं आणि मराठवाडा ते पितो. नाशिकला शिव्या देताना पैठणवाला आपल्याला काय म्हणत असेल, याचाही विचार करा.

शेवटी एकच विनंती. प्रत्येक संमतीधारक उद्योगानं दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत मंडळाला पर्यावरण विवरणपत्र द्यायचं असतं. पाणी किती वापरलं, सांडपाणी किती निघालं, त्यात काय होतं, सगळं त्यात असतं. आणि सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभाही ३० सप्टेंबरच्या आतच घ्यावी लागते. तारीख एकच आहे. सभेत आपण उसाचा भाव विचारतो, विचारलाच पाहिजे. यंदा त्यानंतर माइक सोडायच्या आधी एवढंच म्हणा : "अध्यक्षसाहेब, यंदाचं पर्यावरण विवरणपत्र सभेपुढं वाचून दाखवा."

भांडण नको, घोषणा नको. फक्त वाचून दाखवा. आणि हा प्रश्न विचारला गेला याची नोंद इतिवृत्तात घ्यायला सांगा.